ब्रायोनीला एकही मत नाही

हॅलो?… कोण, रोवी?… अगं, तुमच्या पर्थमध्ये उजाडलं तरी आहे का? काय झालं? सगळे बरे आहेत ना?… मग?… कसला व्हिडिओ?

…कोणी टाकला?

नेव्हिलच्या बायकोने. वाटलंच मला. नवरा क्लबचा अध्यक्ष, आणि ही गावभर दवंडी पिटणार… नाही, मी पाहिला नाही. मी तिथेच बसले होते की, मला कशाला व्हिडिओ हवा?

हो, ती टीगनच. हो, हातात चषक… नाही गं, भांडण नाही. तू ऐकशील का? मध्ये बोलू नकोस… बोलतेयस बघ.

काल आपल्या ऑस्ट्रेलियन फुटबॉल क्लबचं वार्षिक जेवण होतं. मुलींच्या संघातली वर्षातली सर्वोत्तम खेळाडू जाहीर व्हायची होती… हो, अजून तीच पद्धत. सामना संपला की प्रशिक्षकाने तीन जणींना मतं द्यायची, आणि शेवटी जेवणाच्या वेळी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायची. आणि प्रशिक्षक कोण? आमचे हे. ग्लेनसाहेब… अगं, दुसरं कोणी तयार नव्हतं म्हणून!

मग काय, नेव्हिल वाचत गेला. पहिला सामना, टीगन. दुसरा, कोणीतरी अमकी. तिसरा, तमकी. मी आपली वाट बघतेय, आता आमच्या ब्रायोनीचं नाव येईल, मग येईल. शेजारच्या बेल्लरा गावाविरुद्धचा सामना आठवतो? मी तुला फोटो पाठवला होता, चिखलाने बरबटलेली, बोट मोडलेलं, पट्टी बांधून खेळली… हां, तोच. त्यांचा धुव्वा उडवला एकटीने. त्या सामन्यात तरी?… नाही. एकही मत नाही. अख्ख्या वर्षात नाही, रोवी! स्वतःच्या बापाने!

आधी लोक टाळ्या वाजवत होते, मग नुसते एकमेकांकडे बघायला लागले. आणि माझी पोर समोर बसून लेमोनेडच्या बाटलीवरचा कागद नखाने सोलतेय.

…का म्हणजे? लोक काय म्हणतील म्हणून! मागच्या प्रशिक्षकाने स्वतःच्या मुलाला चषक दिला, तर गावाने त्या मुलाला ‘बाबांचा लाडोबा’ म्हणून पळता भुई थोडी केली. हे ग्लेनने मनात धरलं. म्हणे, एक मत जरी दिलं असतं तरी लोकांनी तिला सोडलं नसतं. मी म्हटलं, अरे बाबा, आता तरी लोक कुठे गप्प आहेत?

हो, हो… टीगनकडेच येतेय. जिंकली ती. वर गेली, चषक घेतला, तोंड बिटासारखं लाल. खाली आली ती थेट आमच्या टेबलाशी. ब्रायोनीच्या ताटलीतल्या पाव्हलोव्हा केकशेजारी चषक ठेवला आणि म्हणाली, “हा तुझा आहे. तुझ्या बाबांना खेळ कळत नाही.”

…हसू नकोस. ग्लेन तिथेच उभा होता. आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या गं! माझ्या नवऱ्याच्या तोंडावर.

नाही, तेवढंच आहे तुझ्या व्हिडिओत. पुढचं त्या बाईने कापलं असणार. ब्रायोनी उठली. चषक उचलून परत टीगनच्या हातात दिला. म्हणाली, “तू जिंकलीस. घरी ने.” आणि बाहेर निघून गेली. आमची गाडी घेऊन! आम्ही नेव्हिलच्या गाडीतून आलो. ग्लेनच्या मांडीवर सोडतीत लागलेलं मटण-सॉसेजचं ताट. त्याला कालच बक्षीस लागायचं होतं… आणि नेव्हिल अख्खा रस्ता पावसावर बोलतोय.

…ती? रात्री दार लावून झोपली. सकाळी मेंढ्या कातरायच्या शेडमध्ये जाऊन बसली. ग्लेन चहा घेऊन गेला. मी दोरीवर कपडे वाळत घालत होते… अगं, कान देऊन कशाला, पत्र्याची शेड आहे, सगळं ऐकू येतं!… बरं, दिला कान. आई आहे मी.

ती म्हणाली, “बाबा, या वर्षी तू माझा एक तरी सामना पाहिलास का?”

एवढंच. चढ्या आवाजात नाही, काही नाही.

आणि रोवी… हा माणूस, तुला माहीत आहे, जेवताना मीठसुद्धा बोटाने दाखवून मागतो. तो बोलायला लागला. पहिल्या सामन्यापासून. कुठे पाऊस होता, कुठे वारा उलटा होता. “चिखलातल्या त्या सामन्यात तू डाव्या हाताने चेंडू टीगनकडे दिलास, उजवं बोट बांधलेलं होतं म्हणून. लोकांनी टीगनचा गोल पाहिला. मी तुझा हात पाहिला.” असं एकेक सामना. ती पडलेली, उठलेली, पंचांना उलट बोलायला गेली आणि जीभ चावून परत फिरली, ते सुद्धा! माझ्या हातातली चादर चिखलात पडली. परत धुवायला टाकलीय.

…ती काय म्हणाली? ती म्हणाली, “हे सगळं तुला दिसत होतं, आणि तू गप्प बसलास?”

नाही. सबबी नाही सांगितल्या त्याने. म्हणाला, “चुकलं गं माझं.” मग म्हणाला, नेव्हिलला फोन करतो, प्रशिक्षकपद सोडतो. तर ही म्हणते, “नाही. तू सोडलंस तर त्या मुलींना शिकवणार कोण? तू राहा. मी जाते.”

…कुठे म्हणजे? बसलीयस ना? बेल्लराला.

हो. बेल्लरा. आपल्या बाबांनी तिथल्या पंपावर कधी डिझेलसुद्धा भरलं नाही, त्या बेल्लराला!… मी केली की आरडाओरड! शेडमध्ये जाऊन केली. म्हटलं, गावात तोंड कसं दाखवू? तर दोघंही माझ्याकडे असे बघतात, जशी काही मीच वेडी! “आई, तिथे मी कोणाची मुलगी नसेन,” म्हणे. “खेळले तर खेळले, नाही तर नाही.” आता यावर काय बोलायचं, तूच सांग.

…नाही, चिडली नाहीये. तेच तर! चिडली असती तर मी समजूत तरी घातली असती.

तो? तो तिला घेऊन निघालाय. आत्ता. त्यांच्या प्रशिक्षिकेला भेटायला. मी म्हटलं, निदान दाढी तरी कर… हो गं, स्वतः नेऊन पोचवतोय, पुढच्या वर्षी आपल्याच संघाला तुडवायला! बघ, अंगणात बसलेत गाडीत. इंजिन चालू, पण निघत नाहीत. काय बोलत बसलेत कोण जाणे… थांब, खिडकी उघडते…

अगं बाई.

…तिला सांगतोय, टीगन घाईत असली की नेहमी उजवीकडेच वळते.

ग्लेन! अरे ए ग्लेन! आपल्याच पोरींची गुपितं फोडतोस काय रे?… हसतोय. दोघं हसतायत. रोवी, ठेवते मी… नाही, मी पण जाते त्यांच्याबरोबर, या दोघांना एकटं सोडायची सोय नाही… करते, संध्याकाळी करते… अगं ठेव ना! ए, थांबा! मला बूट तरी घालू द्या!