गादीवरचं गुप्त गिऱ्हाईक

...नाही, फसवणूक असती ना, तर परवडली असती! थोडं रडले असते, दादा "मी सांगत नव्हतो?" म्हणाला असता, वहिनीनं उसासा टाकला असता आणि विषय संपला असता. पण तुम्हाला सांगते, काम खरं आहे हो! अगदी खरं! तीच तर पंचाईत झालीय...

म्हणजे बघा, शिक्षण संपलेलं, नोकरीचा पत्ता नाही, घरात मी आले की सगळ्यांचं बोलणं एकदम थांबतं... अशात मोबाईलवर जाहिरात दिसली. मिस्टरी शॉपिंग! दुकानात जायचं, गिऱ्हाईक असल्यासारखं वागायचं, आणि विक्रेता कसा वागला ते गुपचूप कंपनीला कळवायचं. याचे पैसे! दादा म्हणाला, "आधी त्यांनीच पैसे मागितले तर समज, गंडवतायत." पहिल्या कंपनीनं मागितलेच! मी घाबरून फोन बंद करून उशीखाली ठेवला. दुसरीनं मात्र दमडी मागितली नाही. दादा स्वतः जाऊन ऑफिस बघून आला. "पाटी आहे, माणसं आहेत, पंखासुद्धा चालू आहे. काम खरं आहे!"

आणि सूचना काय, तर 'स्वाभाविक वागा.' कोणाला सांगताय? मला? अहो, मी लिफ्टच्या आरशात स्वतःला बघून "सॉरी" म्हणते! आमच्याच दाराची बेल वाजली तरी माझ्या हातातला कप हिंदकळतो!

तर पहिलं काम, गाद्यांचं दुकान. आत पाऊल टाकते न टाकते तो एक काका पुढे आले, गळ्यात मापाची टेप. "या ताई, काय हवंय?" आणि माझ्या तोंडून काय निघावं? "मी गिऱ्हाईक आहे!"

"बरं झालं," काका म्हणाले, "सकाळपासून कोणी फिरकलंच नव्हतं. झोपून बघा."

झोपले. पर्स छातीशी, पाय जुळवलेले.

"अहो, डॉक्टर तपासायला येणार असल्यासारख्या काय झोपताय? रोज झोपता तशा झोपा."

"रोज झोपच येत नाही," मी म्हटलं... आणि हे सूचनांमध्ये नव्हतं हो! पण सुटलं तोंडातून, आणि मग एकेक सगळंच सुटलं. मुलाखती, त्यानंतरची शांतता, वहिनीचे उसासे... परक्या माणसाला! काकांनी स्टूल ओढलं आणि बसले ऐकत.

"मलाही हल्ली नाही येत," म्हणाले. "आमच्याकडे म्हणे कोणीतरी गिऱ्हाईक बनून येतं, गुपचूप मार्क देऊन जातं. मी दोनदा नापास झालोय. महागडी गादी पुढे करत नाही, फोन नंबर मागत नाही. आता तिसऱ्यांदा नापास झालो की घरी. मुलीचं कॉलेज संपेपर्यंत निभावलं म्हणजे मिळवली."

म्हणजे तिसरी मीच! मी गादीला घट्ट धरलं. "मग... मग दाखवा ना महागडी!"

"अहो ताई, तिनं पाठ धरते. कुठल्या तोंडानं सांगू घ्या म्हणून?"

तिथून उठून पळायला हवं होतं की नाही? पण तुम्हाला सांगते, मला झोप लागली! भर दुकानात! किती महिन्यांनी! जाग आली तेव्हा माझ्या डोक्यावरचा दिवा मालवलेला, सँडल नीट जोडून ठेवलेल्या, आणि काका दाराशी दुसऱ्या गिऱ्हाइकाला सांगतायत, "जरा हळू हं, ताई झोपल्यात." आणि वर मला काय म्हणावं? "ही घेऊ नका. तुम्हाला झोप लागली ती दमल्यामुळे. घरच्या गादीलाच दोन दिवस ऊन दाखवा."

हा विक्रेता!

घरी येऊन रिपोर्ट भरायला बसले. महागडी गादी दाखवली का? फोन नंबर मागितला का? खरेदीसाठी आग्रह केला का? गिऱ्हाईक झोपलं तर दिवा मालवला का, असा प्रश्नच नाही हो कुठे! मग मी काय केलं? हो. हो. हो. सगळीकडे हो. पैकीच्या पैकी!

आणि पैसे आले की! अगदी सांगितल्या दिवशी. दादा म्हणाला, "बघ, काम खरं आहे!" वहिनीनं न मागता चहा आणून दिला. मी धावत दुकानात गेले, म्हटलं आता काका निवांत असतील... तर दारातच टाय लावलेला एक तरुण, "मॅडम, तुमचा फोन नंबर?"

"ते काका?"

"ते आता नाहीत."

"नाहीत म्हणजे?" मी किंचाळलेच!

"अहो, आहेत! घरी आहेत."

बाहेर येऊन मी कंपनीला फोन लावला. आयुष्यात पहिल्यांदा मी कोणाला तरी जाब विचारत होते! पलीकडून एक गोड आवाज, "मॅडम, आधीचे दोन रिपोर्ट अगदी कमी गुणांचे आणि तुमचा पैकीच्या पैकी. एवढी तफावत आली की शेवटचा रिपोर्ट आम्ही धरत नाही, नापासच मानतो. थोडे कमी गुण असते तर धरला असता." ऐकलंत? थोडे कमी! जरा हात आखडता घेतला असता, एखाद्या ठिकाणी 'नाही' लिहिलं असतं, तर काका आज स्टुलावर असते! मी भांडले, रडले, नको ते बोलले. ती मुलगी आपली तेच, त्याच गोड आवाजात, "आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल क्षमस्व. आणखी काही मदत करू शकते का, मॅडम?"

फोन ठेवला, तर लगेच मेसेज. 'आमच्या प्रतिनिधीचं वागणं कसं वाटलं? पाचपैकी गुण द्या.'

काय देणार होते माहितीये? शून्य! बोट शून्यावर नेलंसुद्धा... आणि मग वाटलं, हीही आधी दोनदा नापास झाली असेल तर?

चार दिले. पाच दिले असते, तर धरले नसते ना हो त्यांनी!