म्हातारा असला तर दाखव

नाय नाय, हा नको — हा पण नको रं, ह्याचे डोळे बघ कसे मोहरीसारखे चमकतायत, हा तर आदात हाय. आदात म्हंजे दुधाचे दात पण अजून पडले नाय असा. तू दुकानदार असून तुला आदात कळत नाय? — तुझी चूक नाय म्हणा, तुमी पिंजऱ्यावर किंमत चिकटवून मोकळे, जनावराच्या तोंडात बोट कोण घालतो आता. साईनाथ ना तुझं नाव? बाहेर पाटीवर वाचलं, चष्म्याशिवाय वाचलं. तर साईनाथ, आत आल्या आल्या मी तुला काय सांगितलं? उंदीर पाहिजे — बरं, हॅमस्टर — पाठ तांबूस, पोट पांढरं, आणि म्हातारा. चांगला दोन वर्षांचा, थकलेला. हसू नको. शिळफाट्यावर एवढी दुकानं हायत, साड्यांची, मोबाईलची, पण मी तुझ्याच दारात आलो ना? काय म्हणालास? म्हातारे कोण घेत नाय म्हणून तू ठेवत नाय? मंग त्यांचं होतं काय? — बरं बरं, नको सांगू. वाजले किती ते सांग. सव्वाचार. पाचला साताऱ्याची एसटी समोर थांबते, त्याच्या आत मला म्हातारा पाहिजे, एवढंच.

आणि मला वय शिकवू नको. पंचेचाळीस वर्षं बैलांची दलाली केली मी — गोमा दलाल म्हटलं की कर्जतपासून म्हशाच्या जत्रेपर्यंत माणसं दोन पावलं मागं सरायची, मानानं म्हण नायतर धास्तीनं म्हण. म्हाताऱ्या बैलाला तरुण करणं हा माझा हातखंडा. शिंगं साळायची, वरनं तेल आणि हिंगूळ, दातांवर कानस फिरवायची, पहाटे गुळाचं पाणी पाजायचं — मंग तो बैल बाजारात असा उभा राहायचा की जसा बोहल्यावर उभा हाय. कोंडाण्याच्या भिवाजीला असाच एक चार दाती म्हणून, म्हंजे ऐन तरुण म्हणून दिला. चार दाती कसला, सगळे दात जुळून वर पाच वर्षं झालेली त्याला. तिसऱ्या दिवशी नांगराला जुंपला तर बैल शेतात बसला तो बसलाच, भिवाजी बांधावर बसला, आणि दोघं दुपारपर्यंत एकमेकांकडं बघत राहिले. तेव्हापासून भिवाजी मला कुठंही दिसला की लांबनं हाक मारतो — काय चार दाती, बरं हाय ना? — आणि आता, हा बघ, आ करतो, मोज. चारच राहिलेत. तर जन्मभर म्हाताऱ्याला तरुण केला, आणि आज तरुणाला म्हातारा करायची पाळी आली माझ्यावर. भिवाजीला कळलं तर जेवणार नाय तो हसून हसून.

कोणासाठी काय, नातीसाठी. भाविका. दहा वर्षांची हाय, पण बोलणं तलाठ्यासारखं. हा उंदीर तिचा — फुटाणा नाव ठेवलंय तिनं, तांबूस आणि उड्या मारतो म्हणून. दीड वर्ष झालं घरात येऊन, त्याच्या आधी सहा महिन्यांचा होता. सुट्टी लागली, तिला मामाकडं साताऱ्याला जायचं, तर जायच्या आधी ह्याला जनावरांच्या डॉक्टरला दाखवला, आणि डॉक्टर म्हणाला म्हातारा झालाय, थोडे दिवस राहिलेत. पोरगी रडली नाय. वहीचं पान फाडलं, डॉक्टरला विचारून विचारून सगळं लिहून घेतलं, आणि घरी येऊन फ्रिजवर चिकटवलं. आजोबा, रोज संध्याकाळी हे बघायचं आणि मला व्हॉइस पाठवायचा. काय काय बघायचं? — झोप वाढली का. कडक दाणे टाकून मऊ तेवढं खातो का. पाठीवरचे केस विरळ झाले का. डोळ्यांत दुधासारखा पडदा आला का. मागचे पाय लटपटतात का. चिडून चावतो का. आणि गालात दाणे भरून ठेवतो का नाय.

आता गंमत ऐक. पानावर वर नाव लिहायचं राहिलं. शेजारची भागी विरजण मागायला आली, फ्रिजसमोर उभी राहिली, वाचलं सगळं बोट लावून लावून — आणि तिनीसांजेपर्यंत गावभर झालं, की गोमाची सून रोहिणी सासऱ्याची नोंद ठेवते, चावतो का ते पण लिहिते. दुसऱ्या दिवशी भागीनं माझ्यासाठी वाटीभर मऊ खिचडी पाठवली. खाल्ली मी, का नाय खायची? रोहिणी बिचारी आठ दिवस नळावर तोंड लपवून जात होती. आणि खरं सांगू का तुला, सातातले सहा मला लागू पडतात. चावायचं तेवढं राहिलंय, आणि चार दातांनी मी चावणार तरी काय.

बस जरा, मला पण बसू दे — हे स्टूल हलतं रं तुझं. तर पहिले आठ दिवस मी सगळं नीट केलं. दिवेलागणीला पिंजऱ्याशी बसायचं, फोन तोंडाशी धरायचा, आणि सांगायचं, आज एवढं खाल्लं, आज दोनदा पडला. तो पण तेवढ्यात उठायचा, त्या गोल चाकात चढायचा आणि चालायचा — धावायचा नाय आता, चालायचा, मी सकाळी चालतो तसा. चाक कुरकुरायचं. मी तिला म्हटलं होतं, तेल घालू का गं, तर म्हणाली नको, तो चालतोय ते कळतं. नवव्या दिवशी उठला नाय. मी हात घातला, थंड. एवढासा जीव, हाताला वजन पण लागलं नाय. गोठ्यामागं, जिथं माझा स्वतःचा बैल पुरलाय, कवड्या, त्याच्या शेजारी खड्डा केला आणि ठेवला. पिंजऱ्यावर टुवाल टाकला. रोहिणी कामावरनं आली, म्हणाली टुवाल कशाला, म्हटलं ऊन लागतं त्याला. ती तशी पण वासानं जवळ जात नाय.

आणि फोन हातात घेतला. सांगणारच होतो, देवाशप्पथ. तोंडातनं काय निघालं? — झोपलाय. बघ, खोटं पण नाय म्हणता येत त्याला. दुसऱ्या दिवशी म्हटलं, उठला होता, थोडं खाल्लं. आणि तिसऱ्या दिवशी, साईनाथ, माझी जीभ सुटली. दलालाची जीभ हाय ती, मालाबद्दल एकदा बोलायला लागली की थांबत नाय. म्हटलं, अगं केस काय चकाकतायत. म्हटलं, डोळ्यातला पडदा जवळजवळ गेला. परवा तर मी सांगून बसलो की मागच्या पायांवर उभा राहून भोपळ्याची बी मागितली. मेलेल्या उंदराची एवढी तारीफ कुणी केली नसेल. पोरगी विचारते, आजोबा, तो तरुण होतोय का? व्हिडिओ पाठवा. म्हटलं, फोनचा कॅमेरा बिघडलाय. तर म्हणते, मग काल आंब्यांचा फोटो कसा आला? — काय बोलशील ह्याच्यावर? मी म्हटलं, आंबे हलत नाय ना गं. आणि आता पाचच्या एसटीनं ती परत येतेय.

नाय, तुझं बरोबर हाय. सांगून टाकायचं होतं. उंदीर तर होता, मरणारच होता, तिला पण माहीत होतं. तुला वाटतं मला हे सुचलं नाय? — सांगतो. पण तू असा बघू नको माझ्याकडं, त्या पिंजऱ्याकडं बघ.

माझी बायको, धोंडूबाई, गेली त्याला आता दीड वर्ष होऊन गेलं. ती आजारी पडली तेव्हा आम्ही भाविकाला ह्याच मामाकडं पाठवली, साताऱ्याला. ती रोज फोन करायची, आणि फोन मीच घ्यायचो. आजी बरी हाय. आज पेज घेतली. आज उठून बसली. उठून बसली म्हणून सांगितलं त्या दिवशी दहावा होता तिचा. पोरगी घरी आली, खाट रिकामी, आणि माझ्याशी महिनाभर बोलली नाय. ओरडली असती तर बरं झालं असतं. माझ्या पोरानं मंग हा उंदीर आणला, घरात काहीतरी हलतंबोलतं असावं म्हणून, आणि ती पहिलं वाक्य माझ्याशी बोलली ते पिंजऱ्यासमोर बसून — आजोबा, ह्याचं काही झालं तर तुम्हीच मला सांगायचं. लपवायचं नाही. सौदा करा माझ्याशी.

सौदा म्हंजे कसा, तुला ठाऊक हाय का? बैलाच्या बाजारात तोंडानं भाव बोलत नायत. दलाल आणि गिऱ्हाईक हातात हात घेतात, वर टुवाल टाकतात, आणि खाली बोटं दाबून बोलतात — कोणाला दिसत नाय, ऐकू येत नाय. वर तोंडानं मी वाटेल ते खोटं बोललो, बैल देवाचा नंदी हाय असं पण सांगितलं, पण टुवालाखाली दाबलेलं बोट मी कधी फिरवलं नाय. कधीच नाय. भिवाजीला विचार, तो पण सांगेल. आणि भाविकाला हे मीच शिकवलेलं, लहानपणी मांडीवर घेऊन. तर तिनं माझा हात धरला, वर माझाच टुवाल टाकला, आणि तीन बोटं दाबली. मी पण दाबली. आणि आता तेवढा एक शब्द मोडलाय मी, साईनाथ. मला झोप नाय लागत रं.

गालाचं सांगायचं राहिलं. हे उंदीर गालात दाणे भरून नेतात ना, उद्यासाठी? म्हातारा झाला की ते सोडतो. समोरचं खातो, बाकी तसंच पडू देतो. भाविकाला ते सगळ्यात आधी कळलं होतं. आणि मला त्या कागदावर वाचताना आठवलं — धोंडूबाईनं जायच्या आधीच्या उन्हाळ्यात लोणचं घातलं नव्हतं. बरणी धुऊन पालथी घालून ठेवलेली. मी बैलाचं वय लांबनं चालीवरनं सांगणारा माणूस, रोज त्या बरणीशेजारी बसून जेवत होतो.

असो. दे इकडं तो आदातच. माझं ऐक, होतं सगळं. पाठीवर चुलीतली राख चोळायची — केस निस्तेज. दिवसा जागा ठेवला की संध्याकाळी पाय आपोआप लटपटतात. दाणे मऊ करून द्यायचे. दोन दिवस काढले की झालं, मंग म्हणता येईल, बघ गं, आता थकला. आण हात इकडं. अरे आण, तुझ्या त्या चिकटवलेल्या किमतीवर मी घेणार नाय, टुवालाखाली बोलू. हां. घट्ट धर. मी हे बोट दाबतो, तू — काय झालं? हात का ढिला सोडलास? नातीचं खोटं वाटतं तुला? म्हाताऱ्यानं गोष्ट रचली असं वाटतं? थांब. हा बघ, दुपारी आलेला व्हॉइस, अर्धाच ऐकला मी, रोहिणी आली म्हणून बंद केला. ऐक तिचा आवाज आणि मंग सांग.

«आजोबा, मी बसमध्ये बसले. मामा आहे बरोबर. लोणावळ्याला चिक्की घेणार आहे, तुमच्यासाठी मऊवाली.»

ऐकलंस? मऊवाली. माझे चार दात लक्षात हायत तिच्या. आता हे बंद कुठनं होतं रं, माझं बोट —

«आणि आजोबा, फुटाणा गेला ना? तुमच्या व्हॉइसमध्ये मागे चाक वाजायचं. बारा दिवस वाजत नाहीये. मी कुणाला सांगितलं नाही. तुम्ही पण फोनवर सांगू नका. मी उतरले की सांगा, माझा हात धरून. टॉवेल न टाकता. आपला सौदा आहे.»

चाक.

राख, केस, पाय, सगळं धरलं होतं मी. चाक राहिलं. पंचेचाळीस वर्षांत मला बाजारात कोणी पकडला नव्हता, साईनाथ, भिवाजीला पण तिसऱ्या दिवशी कळलं. हिनं पहिल्याच दिवशी पकडला. आणि बोलली नाय — मी तिकडं सांगतोय केस चकाकतायत, भोपळ्याची बी मागतोय, आणि ती एवढीशी पोर कानाला फोन लावून चाक वाजतंय का ते ऐकतेय. बारा दिवस. माझ्यासाठी गप्प बसली रं ती.

सोड हात. नाय झाला सौदा. त्या पोराला ठेव परत त्याच्या भावंडांत, दाणे घाल, गालात भरू दे त्याला. तोंड असं करून बसू नको, तुझं काय नुकसान नाय झालं. चष्मा कुठं गेला माझा — डोक्यावर हाय, हां. ही एसटी का ती? लाल दिसतेय. साताऱ्याचीच, ती बघ खिडकीतनं कोण हात बाहेर काढतंय, हजारदा सांगितलंय काढू नको. हो बाजूला, जाऊ दे मला.

टुवाल? राहू दे तुझ्याकडंच.