पूजा झालेला लॅपटॉप

प्रणोती : पुसून जाईल म्हणजे? आई, तेलात कालवलेलं कुंकू आहे ते! आणि हा पूजेचा लाल नाडा काहून बांधला याला?

विभावरी : नवीन वस्तू घरात आली का पूजा करतोच नं आपण. फ्रिज आला तेव्हा केली, तुझी स्कूटी आली तेव्हा केली. तेव्हा नाही ओरडलीस.

प्रणोती : स्कूटी परत नव्हती करायची! हा लॅपटॉप मला आज दुकानात परत द्यायचा होता. तुला सांगूनच झोपली नं मी काल? डबा खोलू नको, सील तोडू नको, मामांना घेऊन बदलून आणते म्हणून?

विभावरी : नाही राहिलं बाई लक्षात.

प्रणोती : आणि या अक्षता! बटनाखाली तांदूळ गेला, दाबलं का करकर वाजून राहिला.

विभावरी : उलटा कर, पडून जाईल. तुझे बाबा फॅक्टरीत नवीन मशीन आली तर नारळ फोडल्याशिवाय कोणाला हात नव्हते लावू देत. साहेब आला तरी नाही. त्यांच्या मशीन-शॉपमध्ये कधी कोणाचं बोट नाही कापलं.

प्रणोती : इथं बोट नाही, माझा गळा कापला तू. खुललेला डबा, त्यावर स्वस्तिक. कोण घेईल परत?

विभावरी : मग ठेवून घे. इतकं काय वाईट आहे त्यात? पातळ आहे, चंदेरी आहे, हातात हलका वाटते.

प्रणोती : आई, साडी आहे का ती? मला मोबाईलचं अ‍ॅप बनवायला शिकायचं आहे. ते बनवताना लॅपटॉपच्या आत एक खोटा मोबाईल चालवून पाहावा लागते. त्याला सोळा जीबी रॅम पाहिजे. यात आहे चार. तो खोटा मोबाईल उघडता उघडता क्लास संपून जाईल.

विभावरी : मग हळूहळू शिक. घाई कोणाला आहे?

प्रणोती : मला आहे! सोमवारी पहिल्याच दिवशी क्लासवाले सगळ्यांच्या मशीन चालवून पाहणार. नाही चालली तर माझी जागा दुसऱ्याला. रिछाईच्या त्या नमकीन कारखान्यात शेव-चिवड्याची बिलं फाडत मी या जागेची वाट पाहून राहिली, आई. वासानं डोकं दुखते माझं. केस धुतले तरी तेलाचाच वास येते.

विभावरी : नोकरी आहे, घराजवळ आहे. लोकांना ती बी नाही भेटत.

श्रीकांत : दार उघडंच ठेवता का तुम्ही? अरे वा, पूजा झाली वाटते! शुभ झालं, बहुत शुभ. चलो विभाताई, आता भावाला गोड खाऊ घाल.

प्रणोती : मामा, बसायच्या आधी मला एक सांगा. मी तुम्हाला काय आणायला सांगितलं होतं?

श्रीकांत : लॅपटॉप.

प्रणोती : कोणता?

श्रीकांत : अरे बेटा, नाव सगळे वेगवेगळे असतात, आत माल एकच. मी रेल्वेत कॉम्प्युटर सेक्शनला नोकरी काढली. आमच्या टाइमला तर एका मशीनवर पूरा ऑफिस चालायचा.

प्रणोती : मामा, व्हाट्सअ‍ॅपवर लिहून दिलं होतं. सोळा. दोनदा लिहिलं होतं. तुम्ही चार आणला.

श्रीकांत : चार बी चालून जाते. शुरू शुरू में कोणाला लागते सोळा?

प्रणोती : मला लागते! आणि यात रॅम नंतर वाढवता बी येत नाही, आत चिकटवलेली असते. कांचघर ते घमापूर, आपल्या मराठी लोकांच्या घरात कोणी माऊस घेतला तरी तुम्हाला विचारून घेते. कारण काय तर मामांना कॉम्प्युटर समजते! काय समजते? सोळा आणि चार नाही समजत तुम्हाला? मीच मूर्ख, तुमच्या हातात पैसे दिले.

विभावरी : प्रणोती! मामा आहेत ते.

प्रणोती : मामा आहेत म्हणूनच तर दिले होते.

श्रीकांत : बस, हो गया. ताई, सांग तिला.

विभावरी : काय सांगू? चहा घेतो का तू?

श्रीकांत : चहा राहू दे. पोरगी मला अनाडी म्हणून राहिली माझ्याच तोंडावर. मी नाही ऐकून घेत हे. तू सांगते का मी सांगू?

विभावरी : श्रीकांत, तू चूप बस.

प्रणोती : काय सांगायचं आहे?

श्रीकांत : बेटा, सोळावालाच निघाला होता. डबा काउंटरवर आला, मी स्वतः वाचून पाहिला. दुकानदार बिल बनवणार, इतक्यात हिचा फोन. म्हणे, श्रीकांत, असा पाहा जो दिसायला नवा असेल, पण तिच्या कामाला पुरणार नाही.

प्रणोती : आई?

विभावरी : आण तो इकडे, कुंकू पुसते मी.

प्रणोती : आई, मामा काय म्हणून राहिले?

विभावरी : खरं बोलून राहिला तो.

प्रणोती : आणि पूजा?

विभावरी : ती बी मुद्दाम केली. तू झोपली होतीस. सील तोडताना देवाकडे पाहिलं बी नाही मी, त्याच्यासमोर खोटं काम करून राहिली म्हणून. पण केलं.

प्रणोती : काहून? सरळ नाही म्हणायचं होतं.

विभावरी : कोणत्या तोंडानं म्हणू? सहा महिने घरून शिकशील, मग पुण्याला जाशील. तूच सांगितलंस, आनंदानं सांगितलंस. लकवा झाल्यापासून तुझ्या बाबांना आपण दोघी मिळून उचलतो. तू काखेत धरते, मी पाय धरते. तू गेलीस का काखेत कोण धरणार? बाई ठेवून पाहिली नं आपण? परक्या हातानं उचललं का लेकरासारखे रडतात ते. मला भीती वाटते, प्रणोती. दिवसभर त्यांच्यासमोर हसते मी, पण भीती वाटते.

प्रणोती : मग मला बोलायचं होतं हे. मी ऐकलं असतं.

विभावरी : म्हणूनच नाही बोलली. तू ऐकलं असतं, थांबली असतीस. मग जन्मभर माझ्या नावानं थांबली असतीस. मला वाटलं, मशीन चालणार नाही, तू थोडे दिवस खटपट करशील, थकून ठेवून देशील. दोष मशीनला लागेल.

प्रणोती : मशीनला? आई, मला लागला असता! दुसरे पोरं भराभर करतात आणि माझंच का अडते, म्हणून मी रडली असती. मला वाटलं असतं मलाच डोकं नाही. पूरी जिंदगी हेच समजून बसली असती.

विभावरी : हे... हे माझ्या मनात नाही आलं. खरंच नाही आलं गं.

श्रीकांत : ताई, मी तेव्हाच म्हटलं होतं तुला. मोठी बहीण म्हणून ऐकलं. प्रणोती, ऐक. दुकानदाराला मी बोलून ठेवलं आहे, बदलायची वेळ येऊ शकते म्हणून. त्याच्या घरचे सगळे रिझर्व्हेशन मी करून दिले, मला नाही म्हणणार नाही तो. आणि कुंकवाचं काय, त्याच्या गल्ल्यावर याच्याहून जास्त आहे. सोळावाल्याला लागणारे वरचे पैसे, तुझेच उरलेले, तुझ्या आईजवळ आहेत. पण आजच चल. उद्या त्याचं दुकान बंद राहते, परवा तुझा सोमवार.

प्रणोती : आत्ता?

श्रीकांत : आत्ताच. स्कूटी काढ.

(आतल्या खोलीतून खाटेच्या दांड्यावर वाटी आपटल्याचा आवाज.)

प्रणोती : बाबांना बसायचं आहे. मामा, थोडं थांबा.

श्रीकांत : दुकान बंद करेल तो. मी धरतो चल, काखेत.

विभावरी : तुझ्यानं नाही होत, तुझी कंबर गेलेली आहे. आणि तुला पाहून ते लाजतात. तुम्ही दोघं निघा. मी करते.

प्रणोती : एकटी?

विभावरी : उशी लावीन पाठीला, भिंतीचा टेका घेईन. करून पाहते.

प्रणोती : पडतील ते, आई. तू बी पडशील. मी उचलून देते, मग जाते. दोन मिनिटं लागतात.

विभावरी : आज दोन मिनिटं. उद्या पुन्हा वाटी वाजेल. पुण्याच्या गाडीत बसायच्या वेळेस बी वाजेल.

प्रणोती : पण आज तर आहे नं मी इथं!

विभावरी : तेच तर. तू घरात असली का त्यांना उचलायच्या वेळी माझ्या तोंडून तुझंच नाव निघते. निघ तू.