टोक नसलेला जांभळा खडा

जबाब देणार: कॉलेजात ज्याला 'कोनमापक सर' म्हणतात तो मी, वय ५६, धंदा खनिजशास्त्र शिकवणे, राहणार कॉलेजमागच्या गल्लीत, दुसरा मजला.

कोणी न बोलावता मी आपणहून ठाण्यात येऊन सांगतो की, सोमवारी मी दिलेली चोरीची फिर्याद खोटी आहे.

सोमवारी सकाळी अकराच्या सुमारास नमुन्यांच्या कपाटातला जांभळा स्फटिक जागेवर दिसला नाही. कपाटाची किल्ली दोघांकडेच असते, माझ्याकडे आणि प्रयोगशाळेतल्या मावशींकडे. एकोणीस वर्षं त्या ते नमुने पुसतात. मी भर वर्गात त्यांना पिशवी उघडायला लावली. डब्याखाली रुमालात जांभळा खडा निघाला. भाऊ खाणीत कामाला आहे, त्यानं दिला, कसला दगड आहे ते तुम्हाला विचारायलाच आणला, असं त्या म्हणाल्या. मी म्हणालो, असा रंग दुसऱ्या कशाला असतो?

तेव्हा मावशी म्हणाल्या, "सर, आपल्या खड्याला वर टोक आहे. याला कुठंय?"

मी म्हणालो, "आता तुम्ही मला शिकवणार?" वर्ग हसला. मला बरं वाटलं, हेही लिहून घ्यावं.

दरवर्षी पहिल्या तासाला मीच घसा फोडून सांगतो की रंगावर जाऊ नका, रंग फसवतो, आकार बघा. हरवलेला स्फटिक गारगोटीच्या जातीचा. तो सहा कडांचा असतो आणि वर निमुळता होतो. मावशींचा खडा फ्लोराइटचा, चौकोनी, कोपरे काटकोनात. पहिल्या वर्षाच्या पोरांनाही ओळखता यावा.

फिर्याद लिहून झाल्यावर कागद उडू नये म्हणून हवालदारांनी तोच खडा त्यावर ठेवला. तो पेटीसारखा सपाट बसला. मला तिथंच कळलं. पण शेजारी प्राचार्य उभे होते. आता कोणत्या तोंडानं चुकलो म्हणायचं, एवढंच मनात आलं. मी खडा उचलून बाजूला ठेवला आणि खालच्या कागदावर सही केली.

मावशी त्या दिवशी संध्याकाळपर्यंत इथं बाकावर बसून होत्या. मंगळवारी त्यांना कामावरून काढलं. मी तीन दिवस तास घेत राहिलो. आमचा स्फटिक कुठं आहे, मला माहीत नाही. तो मावशींनी घेतला असं म्हणायला काहीही आधार नाही. त्यांना कामावर परत घ्यावं, असं प्राचार्यांना सांगायला मी इथूनच जाणार आहे.

हवालदारांनी आधी 'ओळखण्यात चूक झाली' असं लिहिलं होतं. ते मी खोडायला लावलं. माहीत असून सही केली, असं लिहावं.

मावशींना रोज अकराला ठाण्यात हजेरी द्यावी लागते, म्हणून मी हीच वेळ धरून आलो. त्या बाहेर बाकावर आहेत. जबाब त्यांना ऐकू जाईल असा वाचावा, अशी विनंती मी केली. हवालदार म्हणाले, मग तुम्हीच वाचा. मी तो दारात उभा राहून मोठ्यानं वाचला. बरोबर आहे.