वाईन मुरू दे

हृदयाच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसलेल्या शिंपीणबाईंचे कान शेजारच्या म्हाताऱ्या जोडप्याकडे लागले होते.

“जावयांनी दिलेली पांढरी वाईन आज उघडू या.”

“मुरू दे गं. जुनं ते सोनं.”

“ही ताजीच प्यायची असते, म्हणालेत ते. ठेवून ठेवून आंबेल!”

“चांगला प्रसंग तर येऊ दे.”

“तुम्ही निवृत्त झालात तेव्हाही हेच. नात झाली तेव्हाही हेच!”

“बरं बाई, आज रिपोर्ट चांगला आला तर उघडू.”

आजोबा आत गेले आणि हसतच बाहेर आले.

“काय म्हणाले?”

“ठणठणीत! अजून वीस वर्षं सहज काढाल म्हणाले.”

“मग उघडायची ना?”

“आता कसली घाई?”

आजी ताडकन उठल्या आणि त्यांनी डॉक्टरांचं दार ढकललं.

“डॉक्टर, यांना वर्षं जरा कमी करून सांगा हो!”