सहा आकडे

(घरातली कपडे इस्त्री करायची खोली. सकाळचे साडेअकरा. सासू आणि सून आत, दाराला वरची कडी. मुलगा दाराबाहेर, शेवटपर्यंत बाहेरच.)

सासू : टेबल अजून रेट. कोपरा दाराला नीट भिडू दे. हं. आता ओठ दाखव.

सून : ओठाला काही नाही आई. दात रुतला नुसता.

सासू : नुसता म्हणे. हा रुमाल दाबून धर. गिऱ्हाइकाचा आहे, पण रुमाल धुऊन देता येतो.

सून : तुमच्या कपाळाला टेंगूळ आलंय.

सासू : मी मध्ये आले, त्याचा कोपर लागला. मला मारायचं नव्हतं त्याला. त्याचा बाप मारायचा तो नेम धरून. खाण तशी माती, पण ही माती जरा कच्ची आहे अजून.

मुलगा : आई, दार उघड. तुझा काही संबंध नाही यात.

सासू : माझ्या इस्त्रीच्या खोलीचं दार आहे. आत बारा घरांचे कपडे पडलेत. माझा नाही तर कुणाचा संबंध?

मुलगा : तिला बाहेर पाठव. मला फक्त बोलायचंय.

सासू : बोलून झालंय की तुझं. तिच्या तोंडावर दिसतंय.

मुलगा : आणि तिनं काय केलं ते नाही विचारणार? तीन महिने लपवलं माझ्यापासून. गॅरेजमध्ये गाडीचं दार ठोकत होतो, तर फोनवर मेसेज. अभिनंदन, तुमची निवड झाली, आज दुपारी बाराच्या आत होकार कळवा. मी येड्यासारखा चारचौघांत वाचतोय. कसली निवड, तर सायबर सुरक्षा. दोन वर्षांची मोठी पदवी, घरबसल्या. माझ्या घरात बसून, आणि मलाच पत्ता नाही.

सासू : तुझ्या निवडीचा मेसेज त्याच्या फोनवर कसा गं?

सून : चूक माझीच. लग्न झालं तेव्हा माझ्याकडे वेगळा नंबर नव्हता. ईमेल उघडलं तेव्हा ह्यांचा दिला. पुढे सगळीकडे तोच लागत गेला. मी कुठंही आत शिरायला गेले की ओळख पटवायचे सहा आकडे ह्यांच्या फोनवर जातात. अर्ज भरतानाही तो नंबर आपोआप भरला गेला, आणि मी वाचलाच नाही.

सासू : म्हणजे तू शिकणार लोकांची कुलपं सांभाळायला, आणि तुझ्या किल्ल्या ह्याच्या खिशात.

सून : दिव्याखाली अंधार. आमच्या दवाखान्यात कामाला असलेल्या अठरा जणांचे नंबर मी स्वतः बसून बदलून दिले. माझाच राहिला.

मुलगा : काय कुजबुजताय? हातोडा आणलाय मी. पत्रा ठोकायचा. आई, तुला माहीत आहे, चेपलेला दरवाजा मी चार ठोक्यांत सरळ करतो. हे तर नुसतं प्लायवूड आहे. दहापर्यंत मोजतो.

सासू : मोज. मध्ये अडलास तर सांग, आकडे मीच शिकवलेत तुला.

सून : आई, त्यांना चिडवू नका.

सासू : चिडलेला आहेच तो. तुझ्या त्या बायका कुठवर आल्या?

सून : माझा फोन ह्यांनी फोडला, म्हणून तुमच्या फोनवरून लावला. बायकांच्या मदतकेंद्राची गाडी निघाली म्हणाल्या. वीस मिनिटं.

सासू : वीस मिनिटांत मी दहा शर्ट करते.

मुलगा : सात. आठ. ऐक गं, माझं ऐक. मी राक्षस नाही. तिथं नकार द्यायचं बटण आहे, मी बघितलंय. ते दाब आणि मला पडदा दाखव. हातोडा खाली ठेवतो. तुला डॉक्टरकडे नेतो, ओठ शिवून आणू. आईच्या गळ्याची शपथ.

सासू : गळा माझा आणि शपथ ह्याची.

सून : लॅपटॉप चालू झालाय. ह्यांच्या बुटाखाली गेला होता. अर्धा पडदा काळा आहे, पण डावीकडचं दिसतंय. आई, नकार देऊन टाकू का?

सासू : तुला द्यायचाय?

सून : दिला तर थांबतील. मागच्या वेळी आठ दिवस थांबले होते.

सासू : आणि नवव्या दिवशी?

मुलगा : दहा.

सून : आई, दार हललं.

सासू : हलू दे. टेबलावर पाय रोवून बस. मला आधी एक सांग. तुला पगार आहे, खुर्ची आहे, पंखा आहे. मग हे शिकायचं खूळ कशासाठी? नीट सांग. मला कळेल असं सांग.

सून : मागच्या वर्षी आमच्या दवाखान्याच्या सगळ्या नोंदी कुणीतरी बाहेरून बंद करून टाकल्या. एक बाई ऑपरेशनच्या टेबलावर, रक्त जातंय, आणि तिचा रक्तगट कुणाला दिसेना. तिच्या नवऱ्यानं आमच्या वॉर्डबॉयला भिंतीवर आपटलं. मी जुने कागद उपसून तो गट शोधला. तेव्हा मोठ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तू हे शिक. फी दवाखाना भरेल.

सासू : हे तू मुलाखतीत सांगितलं असशील. मला खरं सांग.

सून : खरं हेच. आणखी एक आहे.

सासू : बोल. दुसरा घाव बसला बघ, दाराला चीर पडली.

सून : ह्यांनी माझ्या फोनमध्ये काहीतरी टाकलंय. फोनवाल्या मित्राकडून. मी कुठं जाते, कुणाशी बोलते, सगळं ह्यांना दिसतं. मला सहा महिन्यांपूर्वी सापडलं.

सासू : आणि तू ते काढलं नाहीस?

सून : काढलं की त्यांना कळतं. कळलं की काय होतं ते तुम्ही आज बघितलंत. मी दवाखान्यातून घरी, घरातून दवाखान्यात, सहा महिने शहाण्यासारखी चाललेय. मला शिकायचंय की समोरच्याला न कळू देता हे कसं काढतात. माझ्यासाठी, आणि माझ्यासारख्या ज्या असतील त्यांच्यासाठी. त्या फोन घेऊन माझ्याकडे आल्या तर मला पुस्तकात बघत बसायचं नाही.

मुलगा : ऐकतोय मी. सगळं ऐकतोय. माझ्या बायकोवर लक्ष ठेवायचं नाही तर काय शेजाऱ्याच्या ठेवायचं? बायको कुलपं उघडायला शिकली की घर राहतं का, सांग ना आई.

सासू : हातोड्यानं राहतं का ते आधी सांग.

सून : पण मला भीती वाटते आई. दोन वर्षं. ह्या घरात बसून, रोज दोन तास, दार लोटून. प्रत्येक परीक्षेला हे असंच होणार. मी पुरी पडणार नाही. हात मोडला तर टाइप कशानं करू?

सासू : थांब. ही शाळा आहे कुठं?

सून : कुठंच नाही. म्हणजे कॉम्प्युटरवर. घरात बसून करता यावी म्हणून तर ऑनलाइन घेतली.

सासू : ह्याच घरात बसून?

सून : कुठल्याही घरात.

सासू : म्हणजे तू जाशील तिथं ती शाळा तुझ्यामागे येते.

सून : हो.

सासू : मग मूर्ख मुली, तू घर न सोडता शिकता यावं म्हणून ती शोधलीस. ती तर घर सोडून शिकता यावं म्हणून काढलेली दिसतेय.

सून : मी असा विचारच केला नव्हता.

सासू : मला विचारायचंस. मी चाळीस वर्षं फक्त निघायचाच विचार करतेय. माझं काम जड होतं, इस्त्री उचलून कुठं जाणार? तुझं पिशवीत मावतंय. होकार दे.

सून : देता येत नाही. लॉगिन करायला सहा आकडे लागतात, आणि ते ह्यांच्या फोनवर जातात.

सासू : हा का तो फोन?

सून : हा तुमच्याकडे कसा?

सासू : चार्जिंगला होता, येता येता उचलला. जुनी सवय. ह्याचा बाप मारायला लागला की मी आधी त्याचे बूट पळवायचे. बूट नसले की माणूस रस्त्यावर मागे धावत नाही, लाजतो. ह्याचे बूट पायातच होते, मग हा उचलला.

सून : आई, काखेत कळसा आणि मी कधीची रडतेय. फोन उघडायची गरज नाही, आकडे वरच दिसतात. मी इकडून मागते. आले की वाचा.

मुलगा : माझा फोन कुठंय? आई, माझा फोन घेतलास तू? तिला देऊ नकोस. फोन दे, आई. फोन दे म्हणतो ना.

सासू : आले गं. चार, शून्य, सात

सून : आई, मागे. फळी फुटली. मागे व्हा.

सासू : तू हो मागे.

सून : हात आत आलाय त्यांचा. कडीकडे जातोय. आई, मी कात्री घेते.

सासू : कात्री खाली ठेव. तुझ्या हातानं काही होऊन पोलीस केस व्हायला नको, तुला पुढे स्वच्छ कागदपत्रं लागतील. इस्त्री तापलेली आहे.

सून : आई, नको.

सासू : हात मागे घे रे.

मुलगा : नाही घेणार.

सासू : दुसऱ्यांदा सांगतेय. हात मागे घे.

मुलगा : कडी काढली की आधी तुझ्याकडे बघतो, मग

सासू : घे मग.

सून : आई. आई, पुरे. गेला हात. सोडा, खाली ठेवा ती. ठेवा आधी.

मुलगा : भाजलंस. तू मला भाजलंस. आई गं.

सासू : नळाखाली धर. वाहतं पाणी, बराच वेळ. मलम लगेच लावू नकोस, चामडी निघेल.

मुलगा : लहानपणी इस्त्रीजवळ सरकलो तरी लांब ओढायचीस मला. भाजेल म्हणायचीस.

सासू : तेव्हा तो हात चांगला होता. जा, नळ सोड.

सून : बसा तुम्ही. इस्त्री मी बाजूला ठेवते.

सासू : त्याच्या बापाचा हात एकदा भाजला असता, तर आज लेकराचा भाजावा लागला नसता. माझी चूक तीस वर्षं उशिरा दुरुस्त झाली, आणि भलत्याच हातावर. असो. काय वाजले?

सून : बाराला सहा कमी. मघाचे आकडे गेले, पाच मिनिटंच टिकतात. पुन्हा मागितलेत.

सासू : आले. दोन, दोन, नऊ. थांब, डोळ्यांत पाणी आलंय, काही दिसत नाही. हं. एक, शून्य, सहा.

सून : दोन, दोन, नऊ, एक, शून्य, सहा. शिरले आत. होकार डावीकडे आहे, नशीब. नकार काळ्या भागात गेलाय, दिसतच नाही.

सासू : मग वाट कसली बघतेस?

सून : दाबलं.

सासू : झालं?

सून : झालं. दोन आठवड्यांनी पहिला वर्ग.

मुलगा : ऐक. जाऊ नकोस. मी चुकलो. हाताला फोड आलेत, मला गाडी चालवता येणार नाही. मला डॉक्टरकडे ने. बायको आहेस ना माझी?

सून : तिकडेच थांब, नळापाशी. दारात गाडी आली की मी तुझ्यासाठी डॉक्टरला कळवायला सांगेन. मी नेणार नाही. मी जातेय, आणि मी शिकणार आहे. माझा फोन तू फोडलास ते बरं केलंस, त्यात जे टाकलं होतंस तेही गेलं.

सासू : दाराशी हॉर्न वाजला बघ. आल्या तुझ्या बायका. कपडे राहू देत, त्या खुंटीवरची माझी शाल घे आणि लॅपटॉप तिच्यात गुंडाळ.

सून : तुम्ही पण चला.

सासू : बारा घरांचे कपडे कोण देईल? आणि त्याला पट्टी करायला कुणीतरी हवं. शिवाय हात मी भाजलाय, ते माझ्या तोंडानं सांगायचंय मला. तुझ्यावर यायला नको.

सून : ते तुम्हाला काही करतील.

सासू : इस्त्री कोणाच्या हातात असते ते त्याला आज कळलंय. त्यातून वाटलंच तर तुझ्या त्या केंद्राचा पत्ता माझ्यापाशी आहे. जा.

सून : एक मिनिट. नंबर बदलायचाय. ह्यांचा काढून टाकतेय. माझा फोन नाही. तुमचा घालू?

सासू : त्या बटणांच्या फोनवर येतात आकडे?

सून : येतात. बघा, आत्ता येईल.

सासू : आला. पाच, पाच, एक, आठ, तीन, सात. आकडे ओळखायला येतात बाई मला, कपड्यांवर घालून घालून पाठ झालेत. म्हणजे आता दर वेळी हे माझ्याकडे येणार?

सून : दर वेळी. पहिल्याच वर्गात सांगतील की असं करू नये, आपला नंबर आपल्यापाशीच ठेवावा.

सासू : मग बदलशील.

सून : नवा फोन घेतला तरी हा राहू देईन. दोन वर्षं तरी.

सासू : पाच मिनिटंच टिकतात म्हणालीस ना. म्हणजे आत शिरायचं तर तुला मला फोन करावाच लागणार.

सून : करावाच लागणार.

सासू : बरं. आठवडाभर तुझा फोन आला नाही, तर मी समजेन अभ्यास सोडलास.