गजाननच्या वाय-फायचा पासवर्ड

इतकी वर्षं बातमीदारी केली, पुढाऱ्यांच्या शिव्या तोंडावर खाल्ल्या; पण परवा लाखनीत जे ऐकलं, तसं कधीच ऐकलं नव्हतं!

गजाननने आपलं झेरॉक्सचं दुकान हायवेपलीकडच्या गाळ्यात हलवलं. मी बातमीची प्रिंट काढायला गेलो, तर प्रिंटर नव्या जागी वाय-फायला जोडणं चालू होतं. मेकॅनिक म्हणाला, "शेठ, पासवर्ड सांगा."

गजानन माझ्याकडे पाहून चाचरला. "भाऊ, तुम्ही चहा पिऊन या ना."

"काहून? पत्रकारापासून काय लपवून राहिला?" मी खुर्ची ओढून बसलोच.

तेवढ्यात आतून त्याची बायको मेकॅनिकला ओरडून म्हणाली, "लिही रे भाऊ! फुकट्या पत्रकार! सारं जोडून, मधात जागा नाही!"

गिऱ्हाइकं माना खाली घालून हसू दाबायला लागली.

"गजानन!" मी उठलोच. "माझी अब्रू काढतोस? आत्ताच्या आत्ता बदल हा पासवर्ड!"

"बदलतो ना भाऊ," तो हात जोडून म्हणाला, "पण मंग तुमच्या मोबाइलात मलेच पुन्हा टाकून द्या लागन."